आमची पाव्हणी

सातारा-सांगलीकडं पाव्हणा व्हायला फार काही लागत नाही. एस्टीत शेजारी येऊन बसला की पाव्हणा, पत्ता विचारला की पाव्हणा, उसाच्या फडापाशी गाडी बंद पडून उभा राहिला तरी "काय पाव्हणं, कुठलं गाव?" मुलीचा सासरा पाव्हणा आणि आत्याच्या नणंदेचा दीरही पाव्हणाच. आणि एखाद्यानं छाती पुढं काढून "आमचं पाव्हणं हाय" असं म्हटलं, तर समजायचं की हा माणूस यांच्या नात्यातला, याच्या वाटेला जायचं नाही. हा शब्द अंजनाबाईंनी अठ्ठावन्न वर्षं सढळपणे वापरला आणि त्यानं त्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एकदाच, पण ते एकदाच पुरेसं झालं.

सांगलीत कॉलेजच्या मागच्या कॉलनीत त्यांचं घर. नवरा आकाराम सुभेदार. मूळ गाव वाळव्याकडं, तिथं ऊस. पण पलटणीतून निवृत्त झाल्यावर पोराच्या शिक्षणासाठी म्हणून सुभेदारांनी सांगलीत घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी त्याच घरात डोळे मिटले. घर अंजनाबाईंच्या नावावर झालं. वरचा मजला मात्र नंतर राजवर्धननं चढवला. राजवर्धन म्हणजे त्यांचा एकुलता एक पोरगा. मजला कसा चढवला, परवानगी कुणाची घेतली, हे अंजनाबाईंनी विचारलं नाही. पोरगा कर्ता झाला की आया विचारायच्या थांबतात, हा आपल्याकडचा जुनाच रोग आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. उंच, काळी, डोक्याला फुलाफुलांची ओढणी घट्ट गुंडाळलेली. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचं वसतिगृह दुरुस्तीला काढलेलं, मुलींना बाहेर खोल्या बघा म्हणून सांगितलेलं. तिला त्याआधी चार घरांनी दारातूनच वाटेला लावलं होतं आणि पाचवं घर हे. तिच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं की ही बाईसुद्धा नाहीच म्हणणार अशी तिची खात्री आहे.

"कुठली गं तू?" अंजनाबाईंनी विचारलं.

"सुदान," ती म्हणाली आणि परत फिरायच्या तयारीत उभी राहिली.

आता योग बघा. आकाराम सुभेदार युनोच्या शांतिसेनेतून सुदानात वर्षभर राहून आलेले. तिथल्या गोष्टी सांगून सांगून त्यांनी घरादाराचे कान किटवले होते, आणि तिकडची चार वाक्यं बायकोला पाठ करून घेतली होती. त्यातलं एक अंजनाबाईंच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"कैफ हाल?"

कशी आहेस, म्हणून. मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली, "तमाम", म्हणजे छान, असं म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडली. तिचं नाव रिहाम. अंजनाबाईंनी तिला पाणी दिलं, वरच्या मजल्याची किल्ली दिली, आणि भाड्याचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं.

चार दिवसांनी ती खाली आली तेव्हा अंजनाबाई भाकरी थापत होत्या. रिहामनं परातीतलं पीठ चिमटीत घेऊन हुंगलं आणि लहान पोरीसारखी ओरडली, "हे तर आमचं दुरा!" तिच्या मुलखातही ज्वारीच खातात. पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरायचं, त्याला ते किसरा म्हणतात. तिनं करून दाखवलं. "अगं, ही तर आमची आंबोळी," अंजनाबाई म्हणाल्या. झालं! त्या दिवसापासून ती वर फक्त झोपायला आणि अभ्यासाला राहिली, बाकी सगळा मुक्काम खाली. पहिल्यांदा काकू म्हणायची. दोन महिन्यांनी आई म्हणू लागली, तेही कुणी शिकवलं नाही.

राजवर्धनलाही ती आवडली. खोटं कशाला बोला, आवडली होती. प्लॉटिंगचं काम करणारा माणूस तो, आणि कामापेक्षा पुढारपण मोठं. भाऊबिजेला रिहामनं पाटावर बसवून त्याला ओवाळलं, आणि पोरांनी त्याचा व्हिडिओ काढून टाकला. 'सातासमुद्रापलीकडची बहीण' असं खाली लिहिलेलं. हजारोंनी बघितला. राजवर्धननं तिला साडी घेतली, तिनं ती नेसून, डोक्याची ओढणी तशीच ठेवून, अख्ख्या कॉलनीत फराळाची ताटं फिरवली. "दादा, दादा" करायची त्याला. अंजनाबाईंच्या पोटी दुसरं लेकरू नव्हतं. देवानं उशिरा का होईना, पोराला बहीण दिली, असं त्या मनात म्हणायच्या.

आता खरी गोष्ट. रिहामच्या शिक्षणाच्या व्हिसाची मुदत दर सालाला डिसेंबरअखेर संपायची. दुसरी परदेशी मुलं सुट्टीला घरी जातात, तिकडूनच नवा शिक्का मारून आणतात. हिला जायला घर नव्हतं. ओमदुरमानातलं घर लढाईत जळालं, वडील दोन वर्षं बेपत्ता, आई आणि धाकटा भाऊ कैरोत एका खोलीत. आणि कैरोला जायची परवानगीही हिला मिळत नव्हती. म्हणजे मुदत वाढवून घ्यायची ती इथंच, सांगलीत राहून. वाढली तर शेवटचं वर्ष पुरं होणार, पदवी हातात येणार, आणि तिच्या जिवावर तिघांची चूल पेटणार. नाही वाढली तर देश सोडा. सोडून जायचं कुठं, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

अर्ज संगणकावर भरायचा असतो. कॉलेजचं पत्र लागतं, आणि घरमालकानं 'ही परदेशी मुलगी माझ्या घरात राहते' असं पोलिसांना कळवायचा एक सी फॉर्म असतो तो भरावा लागतो. आधीच्या वर्षांत वसतिगृहानंच ते केलेलं. यंदा घरमालक म्हणजे अंजनाबाई. पण संगणकाचं काम म्हटल्यावर ते राजवर्धनकडं गेलं.

"दादा, सी फॉर्म?" रिहाम विचारायची.

"झालं समज," राजवर्धन म्हणायचा.

'झालं समज' म्हटलं की काहीच झालेलं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रिहाम मराठी पुस्तकातून शिकलेली. तिनं झालं असं समजून अर्ज पाठवून दिला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजवर्धन सकाळी पोह्यांची बशी घेऊन आईपाशी येऊन बसला. एरवी त्याला बसायला सवड नसायची, म्हणून अंजनाबाईंना बरं वाटलं.

"आई, रिहामच्या चौकशीला पोलीस येतील. नुसती रीत असती ती. भाडेकरू म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"तू काय म्हणतीस एरवी? पाव्हणी म्हणतीस न्हवं? तेच म्हण. आमची पाव्हणी हाय, येऊन-जाऊन असती, म्हणायचं. भाडेकरू म्हणलं की तिलाच तरास. करारपत्र कुठाय, अमुक कुठाय. पोरीला कशाला घोर लावायचा?"

"ती काय भाडेकरू हाय व्हय आपली?" अंजनाबाई म्हणाल्या. "पाव्हणीच हाय."

"मग बघ की," राजवर्धन म्हणाला आणि पोहे संपवून उठला.

दोन दिवसांनी दुपारी शिपाई आला. तरणा पोरगा, चंद्रपूरकडचा, नुकताच बदलून आलेला. घामाघूम झालेला. अंजनाबाईंनी त्याला आधी सरबत दिलं.

"काकू, रिहाम नावाची विदेशी मुलगी इथंच राह्यते का?"

"आमची पाव्हणी हाय ती," अंजनाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"पाहुणी? म्हणजे भाड्यानं नाही?"

"छ्या! भाड्याचं काय काढलंस लेकरा? पाव्हणी. येऊन-जाऊन असती."

त्यानं लिहून घेतलं. तो वाचून दाखवत असताना आतून कुकरची शिट्टी झाली आणि अंजनाबाईंचं अर्धं लक्ष तिकडं गेलं. पाव्हणी हा एक शब्द कानावर पडला, तो बरोबर होता. त्यांनी खाली सही केली. 'अंजना आकाराम' एवढंच त्या सावकाश, वळणदार लिहायच्या, आणि त्या दिवशी जरा जास्तच वळणदार लिहिलं. तरणं पोर उपाशी जायला नको, म्हणून जाताना त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडूही ठेवला. त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या मुलखात पाहुणी म्हणजे पाहुणी.

पुढच्या रविवारी अंजनाबाई रिहामला घेऊन माहेरी गेल्या, वडूजजवळ. भाऊ नानासो पंचायत समितीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला. कागदाच्या बाबतीत तालुक्यात त्याचा शब्द शेवटचा. शाळू हुरड्यावर आलेला, नानासोनं बांधावर आगटी पेटवून ठेवली होती. रिहाम डोक्याएवढ्या ज्वारीत शिरली आणि बाहेरच येईना. ताटांना हात लावत फिरत होती, आईला फोनवर शेत दाखवत होती. तिकडून कैरोतल्या खोलीतली ती बाई हसतेय की रडतेय ते फोनवर नीट कळत नव्हतं. अंजनाबाईंनीही फोनपुढं तोंड नेऊन "कैफ हाल" म्हणून घेतलं.

हुरडा चोळून खाणं चाललं होतं तेव्हा रिहामच्या फोनवर पत्र आलं. तिनं वाचलं. परत वाचलं. मग फोन नानासोच्या हातात दिला, कारण तिथं इंग्रजी वाचणारा दुसरा कुणी नव्हता.

नानासोनं चष्मा लावला. अर्धं वाचून त्याचा घास तसाच राहिला.

"आक्का, पोलीस आलं हुतं का तुझ्याकडं?"

"आलं हुतं की. मी सरबत दिलं."

"सरबत मरू दे. काय सांगितलंस?"

"आमची पाव्हणी हाय म्हणून. येऊन-जाऊन असती म्हणलं."

नानासोनं हातातला हुरडा खाली ठेवला. "मग आटपलं," तो म्हणाला. "यात लिहिलंय, अर्जात दिलेल्या पत्त्यावर ही मुलगी राहत न्हाई. घरमालकिणीनं स्वतः जबाब दिलाय, ही अधनंमधनं येणारी पाहुणी हाय म्हणून. सी फॉर्मबी भरलेला न्हाई. म्हंजी हिनं खोटा पत्ता दिला. अर्ज नामंजूर. मुदतीच्या आत देश सोडायची तयारी करा."

"न्हाई, न्हाई," अंजनाबाई म्हणाल्या. "फॉर्म भरलाय. राजानं भरलाय. लाव त्याला फोन."

फोन लावला. नानासोनं आवाज मोठा केला. राजवर्धननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तू घरी ये, मग बोलू."

"फॉर्म भरलायस का न्हाई, एवढं सांग."

"न्हाई भरला." त्याचा आवाज चढला. "कसा भरणार? महापालिकेची निवडणूक लागली. वरचा मजला नोंदीत न्हाई, परवानगी न्हाई. तिथं भाडेकरू राहतो असा सरकारी कागद झाला आन् तो विरोधकांच्या हाताला लागला, तर माझा अर्ज छाननीतच उडतोय. पाच वरसं घासलीय मी या वॉर्डात. आन् तू काय खोटं बोलली न्हाईस. पाव्हणीच हाय की ती!"

पोह्यांची बशी घेऊन शेजारी बसलेला पोरगा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. आईच्या तोंडी खोटं घातलं तर ती अडखळेल, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं तिचाच शब्द, तिच्याच मायेचा शब्द उचलला आणि तिच्या खांद्यावर बंदूक ठेवून पोरीवर झाडली. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरानं हे केलं. आणि आपण सही कशी केली, तर वळणदार! त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

रिहामला फोनवरचं सगळं समजलं नसेल, पण पुरेसं समजलं होतं.

"आई," ती हळू म्हणाली, "पाहुणी म्हणजे जी परत जाते, तीच ना?"

"तसं न्हाई गं बाई. आमच्यात पाव्हणी म्हंजी... पाव्हणी म्हंजी आपली. नात्यातली. घरचीच."

"पुस्तकात तसं नाही," रिहाम म्हणाली.

आगटीतला जाळ विझत आला होता, तो पेटवायला कुणी उठलं नाही.

नानासोनं मात्र धीर सोडला नाही. घरात जाऊन त्यानं कोरा कागद काढला. "आक्का, रडू नको, ऐक. घर तुझ्या नावावर हाय. फॉर्म भरायचा अधिकार तुझा, राजाचा न्हाई. उद्या पोलिसांच्या कार्यालयात जायचं आन् खरं ते सांगायचं. पण एक ध्यानात ठेव. खरं सांगितलंस की मजल्याचं आलं, आन् मजल्याचं आलं की राजाचं आलं. पोरगी न्हाईतर राजा, दोघातलं एकच वाचंल."

परत येताना वडूजहून विटा, विट्याहून सांगली. कंडक्टर आला, अंजनाबाईंनी पिशवीत हात घालून "दोन सांगली" म्हटलं. रिहामनं आपलं तिकीट वेगळं काढलं. आणि खिडकीबाहेर बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर अंजनाबाईंना बरं वाटलं असतं.

घरी राजवर्धन वाटच बघत होता. त्यानं आधी हात जोडले, मग समजावलं, मग धमकावलं. तिला दुसऱ्या देशात पाठवायची सोय आपण करू म्हणाला. कुठल्या देशात, ते त्याला सांगता येईना. शेवटी म्हणाला, "जबाब बदललास तर आधी खोटा जबाब का दिला, म्हणून तुलाच धरतील. माझ्यावर काय येणार न्हाई, सही तुझी हाय."

इतका वेळ सून क्रांती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी पोरगी. ती आत गेली, कपाट उघडलं, घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल काढून सासूच्या पिशवीत घातलं, आणि नवऱ्याकडं न बघता पुन्हा भाजी चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई आणि रिहाम रिक्षानं पोलीस कार्यालयात गेल्या. टेबलामागं एक बाई अधिकारी होत्या. कडक, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी जुना जबाब काढून समोर ठेवला.

"सही तुमचीच?"

"माझीच."

"आणि आता म्हणता, मुलगी वर्षभर तुमच्याकडंच राहते. मग तेव्हा पाहुणी का सांगितलं? तुम्हाला कळलं नाही, असं म्हणायचंय का?"

बाईंनी दार उघडून दिलं होतं. 'व्हय, मला अडाणीला कळलं न्हाई' एवढं म्हटलं की पोरगा सुटत होता. पण बाई पुढं म्हणाल्या, "नीट विचार करून सांगा. नुसता गैरसमज म्हणालात, तर फॉर्म का भरला नाही आणि मुलीनं हा पत्ता का दिला, हे प्रश्न तिच्यावरच राहतात. तिनं फसवलं की तिला फसवलं, एवढंच मला लिहायचंय."

अंजनाबाई थांबल्या. पंखा फिरत होता. राजवर्धन चालायला शिकला तेव्हा सुभेदार सीमेवर होते. पोरानं टाकलेली पहिली पावलं त्यांनी शेजारणीकडून पत्र लिहून घेऊन नवऱ्याला कळवली होती. आठवायला नको होतं, तेच आठवलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पाच मिनिटं नसतील, पण एक मिनिट पुरतं गेलं. शेजारच्या खुर्चीवर रिहाम त्यांच्या तोंडाकडं बघत होती. आपण थांबलोय आणि ती बघतेय, हे अंजनाबाईंना कळत होतं. तरी तोंड उघडेना.

मग उघडलं. "माझ्या पोरानं सांगायला लावलं," त्या म्हणाल्या. "राजवर्धन आकाराम. वरचा मजला बिनपरवाना हाय, त्यानं बांधलाय, म्हणून त्यानं फॉर्म भरला न्हाई. या पोरीला फॉर्म भरला म्हणून सांगितलं. तिनं फसवलं न्हाई. तिला आमी फसवलं."

बाईंनी लिहून घेतलं आणि या वेळी सगळं वाचून दाखवलं. अंजनाबाईंनी शब्दन्‌शब्द ऐकला आणि सही केली.

काम झालं. एका दिवसात नाही, पण झालं. सी फॉर्म अंजनाबाईंच्या नावानं भरला गेला, खोट्या पत्त्याचा ठपका निघाला, कॉलेजच्या प्राचार्यांनी वरपर्यंत पत्रं लिहिली. दुरुस्त झालेल्या वसतिगृहात वॉर्डनबाईंनी रिहामला एक खाट दिली आणि पुढचा पत्ता तिथला लावला. एकतीस तारखेला दोन दिवस असताना मुदत वाढली, परीक्षा संपेपर्यंतची.

आणि राजवर्धनचंही व्हायचं ते झालं. कागद फुटायला सांगलीत किती वेळ लागतो? पक्षानं तिकीट शिवतेजला दिलं, काल-परवापर्यंत राजवर्धनच्या मागं झेंडा धरून फिरणाऱ्याला. राजवर्धन दिवसभर ओसरीत बसून फोनवर एकच सांगायचा, "दुसऱ्या कुणी न्हाई, सख्ख्या आईनं केसानं गळा कापला माझा." अंजनाबाई आत बसून ऐकायच्या. ज्यानं गळा कापला तोच मान धरून ओरडत होता, आणि लोक त्याला भेटायला येऊन "लय वाईट झालं" म्हणून जात होते. आईशी तो बोलत नव्हता. ताट वाढलं तर क्रांतीच्या हातचं घ्यायचा.

मुदत वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी रिहाम सामान न्यायला आली. रिक्षा फाटकापाशी उभी करून वर गेली आणि अर्ध्या तासात दोन बॅगा आणि पुस्तकांचं खोकं घेऊन खाली आली. खोली झाडून, फरशी पुसून आली होती. भाऊबिजेची साडी घडी करून तिनं ओसरीतल्या खुर्चीवर ठेवली. राजवर्धन त्या वेळी घरात नव्हता.

"जेवून जा," अंजनाबाई म्हणाल्या.

"वसतिगृहात जेवण मिळतं, काकू."

काकू. अंजनाबाईंनी ऐकलं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. "माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक न्हवतं. तुझी आण घेऊन सांगती."

"मला माहीत आहे," रिहाम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घरी तुम्हाला माहीत नव्हतं. पोलिसांकडं माहीत होतं. तिथं तुम्ही थांबलात."

"पोटचा पोरगा हाय. आन् सांगितलं की शेवटी."

"सांगितलं. तुम्ही सांगितलं म्हणून मी राहिले. मी आयुष्यभर विसरणार नाही." "पण तुम्ही थांबलात, तेवढ्या वेळात मला कळलं, मी कोण आहे ते. माझी आई थांबली नसती."

हे खरं होतं. पोरीसाठी पोराला बुडवलं, आणि दोघंही हातचे गेले. अंजनाबाईंनी खोकं उचलायला हात लावला, तर तिनं ते आधीच उचललं होतं. त्या फाटकापर्यंत मागोमाग गेल्या. रिक्षात सामान लागलं. रिहामनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, एखादी पोरगी परीक्षेला जाताना लावते तसा, आणि सरळ उभी राहिली.

"जाते मी," ती म्हणाली.

दुसरं कुणाचं लेकरू असतं, तर अंजनाबाईंनी तिथल्या तिथं टोकलं असतं, जाते न्हवं गं, येते म्हणावं. वर्षभर या घरात राहिलेल्या पोरीला ते ठाऊक नव्हतं, असं नव्हतं. अंजनाबाईंनी "बरं" म्हटलं आणि रिक्षा वळल्यावर फाटक लावून घेतलं.